शिसे, पारा, आर्सेनिक, कॅडमियम: कोणता धातू, कोणत्या रूपात आणि तपासायचा कशात?

धातुवेध (धागाकर्ता)

"जड धातूंची तपासणी करून घ्या" हा सल्ला सर्रास दिला जातो. पुढे कोणी विचारत नाही की कोणत्या धातूची, आणि तपासायचे काय: रक्त, लघवी की केस? नमुनाच चुकीचा निवडला तर अहवाल स्वच्छ येतो आणि माणूस किंवा जनावर विष पोटात घालतच राहते. म्हणून हा धागा.

आधी शब्दाबद्दल. घनता जास्त म्हणजे विषारीपणा जास्त असे काही नसते. आर्सेनिक काटेकोर अर्थाने धातू नाही, धातुसदृश मूलद्रव्य आहे. तांबे आणि जस्त शरीराला हवे असतात, पण प्रमाणाबाहेर गेले की तांब्याने मेंढी मरते आणि जस्ताने पोपट. आययूपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २००२ सालच्या एका तांत्रिक अहवालात तर "जड धातू" ही संज्ञा निरर्थक असल्याचे सविस्तर मांडले होते. बोलायला सोयीचा म्हणून शब्द वापरू, निर्णय मात्र एकेका धातूचा स्वतंत्र घ्यायचा.

दुसरी गोष्ट रूपाची. जुन्या थर्मामीटरमधला द्रव पारा गिळला गेला तर आतड्यातून जेमतेम ०.०१ टक्का शोषला जातो. त्याच पाऱ्याची वाफ श्वासावाटे गेली तर सुमारे ८० टक्के रक्तात उतरते. मिथाइलपारा, म्हणजे पाऱ्याचे एक सेंद्रिय रूप, अन्नातून गेला तर जवळजवळ सगळाच, ९५ टक्क्यांच्या आसपास. डायमिथाइलपारा त्याहून भयंकर. १९९६ मध्ये कॅरेन वेटरहान या रसायनशास्त्रज्ञ प्राध्यापिकेच्या लॅटेक्स हातमोज्यावर त्याचे काही थेंब सांडले, ते मोज्यातून आरपार गेले आणि १९९७ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. क्रोमियमचेही तसेच: त्रिसंयुजी रूप तुलनेने निरुपद्रवी, षट्संयुजी रूप कर्करोगकारक.

तिसरी गोष्ट मुक्कामाची. शिसे रक्तात महिनाभर टिकते, हाडांत १० ते ३० वर्षे. कॅडमियम मूत्रपिंडात तितकाच काळ तळ ठोकून बसते. अजैविक आर्सेनिक रक्तातून काही तासांत निघून जाते आणि लघवीत फार तर काही दिवस दिसते. मिथाइलपाऱ्याचा रक्तातला अर्धायुकाल, म्हणजे प्रमाण निम्मे व्हायला लागणारा काळ, सुमारे ५० दिवस.

यावरून नमुना ठरतो:
- शिसे: शिरेतून घेतलेले पूर्ण रक्त
- अजैविक पारा आणि पाऱ्याची वाफ: लघवी
- मिथाइलपारा: रक्त किंवा केस
- आर्सेनिक: लघवी, तीही आर्सेनिकचे प्रकार वेगळे मोजणाऱ्या पद्धतीने
- कॅडमियम: जुना साठा पाहायचा तर लघवी, अलीकडचा संपर्क पाहायचा तर रक्त

आर्सेनिकच्या तपासणीआधी तीन-चार दिवस मासे आणि कोळंबी-शिंपल्यांसारखे सागरी अन्न बंद. त्यात आर्सेनोबिटेन नावाचे जवळपास निरुपद्रवी सेंद्रिय आर्सेनिक भरपूर असते. लघवीतले एकूण आर्सेनिक त्यामुळे एवढे वाढते की निष्कारण घबराट उडते.

नवखी_वाट

उत्तम सुरुवात. एक साधी शंका. पाणी उकळले तर शिसे किंवा आर्सेनिक कमी होते का? आणि घरातले कोणतेही फिल्टर चालते का?

पाणीपरीक्षक

उकळून जंतू मरतात, धातू जात नाही. उलट पाणी आटते तसा उरलेल्या पाण्यातला धातू दाट होत जातो. शिशाची शंका असताना बाळाचे दूध बनवायला पाणी बराच वेळ उकळत ठेवणे म्हणूनच घातक.

फिल्टरचे उत्तर धातूप्रमाणे बदलते.

नुसता दाणेदार कोळसा वास आणि क्लोरीन काढतो. विरघळलेल्या शिशासाठी तेवढ्यावर विसंबू नये. शिसे काढण्यासाठी खास चाचणी झालेला कार्ट्रिज लागतो आणि त्यावर लिहिलेल्या लिटरनंतर तो बदलावाच लागतो. आरओ पडदा शिसे, कॅडमियम आणि पंचसंयुजी आर्सेनिक चांगले अडवतो. त्रिसंयुजी आर्सेनिकवर मात्र पिण्याच्या पाण्याच्या नेहमीच्या सामूत (pH) विद्युतभार नसतो, त्यामुळे त्यातले बरेचसे पडद्यातून निसटते. भूजलात प्राणवायू कमी असेल तर बहुतेक आर्सेनिक याच रूपात सापडते. उपाय म्हणजे आधी क्लोरीनने त्याचे पंचसंयुजी रूप करून घेणे. पण क्लोरीन आरओच्या पॉलिअमाइड पडद्याला खाते. म्हणून क्रम असा लागतो: क्लोरीन, थोडा थांबा, मग कोळसा, मग पडदा. मधला कोळसा विसरला की पडदा खराब होतो आणि ते लवकर कळतही नाही.

लोह-आधारित किंवा सक्रिय अॅल्युमिनाचे आर्सेनिक फिल्टर भरले तरी पाण्याची चव, रंग, वास काहीच बदलत नाही. गाळलेले पाणी वेळोवेळी तपासणे हा एकच मार्ग.

आता नमुना कसा घ्यायचा, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

नळातल्या शिशासाठी पाणी किमान ६ तास पाइपात साचू द्यायचे. मग आधी थेंबही न सोडता पहिले पूर्ण १ लिटर बाटलीत घ्यायचे. हा नमुना नळ, सोल्डर आणि जवळचे जोड यांतले शिसे दाखवतो. रस्त्याखालच्या जोडणीतला शिशाचा पाइप त्यात दिसत नाही, कारण तिथे साचलेले पाणी अजून नळापर्यंत पोचलेले नसते. त्यासाठी पाणी न थांबवता ओळीने लिटर-लिटरच्या बाटल्या भरायच्या. बऱ्याचदा चौथ्या-पाचव्या लिटरला आकडा उसळतो. नळाच्या तोंडाची जाळी नमुन्याआधी काढू नका, आधी नळ खळखळून वाहू देऊ नका, आणि धार नेहमीसारखी मोठी ठेवा. बारीक धारेत शिशाचे कण सुटत नाहीत आणि आकडा खोटा कमी येतो. नमुना झाल्यावर जाळी जरूर काढून झटका. तिच्यात अडकलेला शिशाचा एखादा कणही दिवसेंदिवस पाणी नासवतो.

विहीर किंवा नलिकाकूप असेल आणि आर्सेनिक तपासायचे असेल तर उलट करायचे: काही मिनिटे उपसा करून साचलेले पाणी काढून टाकायचे, मग नमुना. पाण्यात लोह असेल तर ते हवेशी संपर्क येताच तांबूस साका होऊन खाली बसते आणि आर्सेनिकला सोबत घेऊन बसते. आम्ल न घालता बाटली ठेवली आणि प्रयोगशाळेने वरचे निवळ पाणी मोजले, तर विषारी विहीरही सुरक्षित ठरते. म्हणून नायट्रिक आम्लाने सामू २ च्या खाली आणायचा, तोही प्रयोगशाळेने दिलेल्या स्वच्छ प्लास्टिक बाटलीत. असा नमुना ६ महिने टिकतो. पाऱ्यासाठी मात्र काच किंवा फ्लोरोपॉलिमरची बाटली आणि २८ दिवसांची मर्यादा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक मर्यादा, प्रति लिटर मायक्रोग्रॅममध्ये: शिसे १०, आर्सेनिक १०, कॅडमियम ३, अजैविक पारा ६, एकूण क्रोमियम ५०.

कासवगती

जागेवरच तपासणारे आर्सेनिक किट कितपत भरवशाचे? एका विहिरीचा निकाल शेजारच्या विहिरीला लावता येतो का?

पाणीपरीक्षक

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी: अजिबात नाही. हाकेच्या अंतरावरच्या दोन नलिकाकूपांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो, कारण खोली आणि थर वेगळे असतात. बांगलादेशात १९७० च्या दशकापासून रोगजंतूमुक्त पाण्यासाठी लाखो नलिकाकूप खोदले गेले आणि आर्सेनिकचे संकट उघडे पडले ते १९९० च्या दशकात. त्यानंतर एकेक नलिकाकूप तपासून तोंडाला लाल किंवा हिरवा रंग द्यावा लागला. तिथली राष्ट्रीय मर्यादा लिटरमागे ५० मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे हिरव्या रंगाचे पाणी १० च्या वर असू शकते.

किटचे काम असे चालते: जस्ताची पूड आणि आम्ल यांमुळे आर्सेनिकचा आर्सिन वायू होतो, तो मर्क्युरिक ब्रोमाइडच्या पट्टीवर पिवळ्यापासून तपकिरीपर्यंत डाग पाडतो. पाण्यात सल्फाइड असेल तर तेही डाग पाडते, म्हणून आधी त्याचे ऑक्सिडीकरण करणारा अभिकारक घालायची पायरी गाळू नये. बाटलीचे झाकण घट्ट हवे; वायू निसटला की आकडा कमी. रंग ठरलेल्या मिनिटालाच, उजेडात पण थेट उन्हात नाही, असा जुळवायचा. आर्सिन अत्यंत विषारी असल्यामुळे चाचणी मोकळ्या हवेत करायची. डाग १० च्या घरात असेल तर किटवर निर्णय सोडू नका, नमुना प्रयोगशाळेत पाठवा. ५० च्या वरचा गडद डाग मात्र विहीर बंद करायला पुरेसा आहे.

गोठा_आणि_कुरण

माणसांच्या आधी जनावरे बोलतात, म्हणून त्यांच्यासाठी सविस्तर लिहितो.

जपानमधल्या मिनामाता इथे आजाराची अधिकृत नोंद १९५६ ची. त्याआधीच तिथली मांजरे वेड्यासारखी गिरक्या घेऊन मरत होती आणि कावळे उडताना खाली पडत होते. कारखान्यातल्या अॅसिटाल्डिहाइड प्रक्रियेतून निघणारा मिथाइलपारा उपसागरातल्या मासळीत साठत होता, आणि मांजरे तीच मासळी खात होती. १९५९ मध्ये कारखान्याच्याच डॉक्टरांनी सांडपाणी घातलेले अन्न एका मांजराला देऊन तोच आजार घडवून दाखवला. सरकारने कारण मान्य केले १९६८ मध्ये. त्या नऊ वर्षांत सांडपाणी वाहतच राहिले, हे विसरता येत नाही.

गुरांमध्ये सर्वाधिक सापडते ती शिशाची विषबाधा, आणि तिचे नेहमीचे कारण टाकून दिलेली वाहनाची बॅटरी. गुरांना चाटायची खोड असते. वासरे तर नवे काही दिसले की तोंड लावतातच. बॅटरीच्या पट्टीचे तुकडे जाळीपोटात (गुरांच्या पोटाचा एक कप्पा) बसतात आणि आठवडेच्या आठवडे हळूहळू विरघळत राहतात. दुसरी वाट यंत्राची: गवतात पडलेली बॅटरी कापणी यंत्रात किंवा चारा मिसळणाऱ्या यंत्रात गेली की तुकडे सगळ्या चाऱ्यात पसरतात आणि अख्खा कळप एकदम आजारी पडतो. जुन्या रंगाचे पोपडे आणि जळालेल्या कचऱ्याची राख याही जागा तपासाव्यात.

वासरात लक्षणे झपाट्याने येतात: अचानक आंधळेपण, पापण्या आणि कान फडफडणे, दात खाणे, तोंडाला फेस, भिंतीला डोके टेकवून ढकलत उभे राहणे, झटके. मोठ्या गाईत तीच गोष्ट संथपणे: चारा सुटतो, पोटाची हालचाल बंद होते, आधी बद्धकोष्ठ मग काळपट हगवण. डोळ्यावर टॉर्च मारला तर बाहुली आक्रसते पण जनावराला दिसत नाही, कारण बिघाड डोळ्यात नसून मेंदूत असतो. थायमिनच्या (जीवनसत्त्व ब१) कमतरतेतही हेच चित्र दिसते. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे रेबीजही असाच दिसू शकतो. लाळ गळते म्हणून घशात काही अडकले का हे पाहायला उघडा हात तोंडात घालू नका.

नमुना: इडीटीएच्या, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या, नळीत पूर्ण रक्त. सीरम पाठवू नका. रक्तातले ९० टक्क्यांहून जास्त शिसे तांबड्या पेशींत असते, सीरममध्ये हाती काही लागत नाही. ०.३५ पीपीएमच्या (दशलक्ष भागांत ०.३५ भाग) वर गेले आणि लक्षणे असली तर निदान पक्के धरतात. मेलेल्या जनावराचे यकृत आणि मूत्रपिंडाचा बाह्य भाग पाठवावा. ओल्या वजनावर १० पीपीएमच्या वर आकडा आला तर शंका उरत नाही.

मग पुढे काय? कळप त्या कुरणातून त्याच दिवशी हलवा. धडधाकट दिसणाऱ्या सगळ्या जनावरांचे रक्त तपासा. लक्षणांशिवाय उच्च शिसे असलेली काही निघतातच. त्यांचे दूध आणि मांस वापरात जाता कामा नये. जाळीपोटात तुकडे शिल्लक असतील तर रक्तातले शिसे उतरायला कित्येक महिने लागतात, म्हणून ठरावीक दिवस मोजून मोकळे व्हायचे नाही, पुन्हा रक्त तपासूनच ठरवायचे. गाभण आणि दुभत्या जनावरात हाडातले शिसे कॅल्शियमबरोबर बाहेर पडते, हे ध्यानात ठेवावे.

उपचार पशुवैद्यांनीच करायचे: थायमिन, पोटातले शिसे अविद्राव्य करण्यासाठी तोंडाने मॅग्नेशियम सल्फेट, आणि कॅल्शियम डायसोडियम इडीटीए.

विषोपचार

वरच्या शेवटच्या ओळीला जोडून एक इशारा. "कॅल्शियम डायसोडियम इडीटीए" आणि "डायसोडियम इडीटीए" ही दोन वेगळी औषधे आहेत. दुसरे रक्तातले कॅल्शियमच ओढून घेते आणि हृदय बंद पडते. अमेरिकेत २००३ ते २००५ या काळात कीलेशननंतर (औषधाने धातू बांधून शरीराबाहेर काढण्याच्या उपचारानंतर) कॅल्शियम घसरून तीन मृत्यू झाल्याची नोंद आहे, त्यांतली दोन मुले होती. कुपीवरचे पूर्ण नाव वाचल्याशिवाय सुई भरायची नाही, मग रुग्ण माणूस असो वा वासरू.

आणखी काही मुद्दे, जे सतत चुकतात:

स्रोत चालू असताना कीलेशन सुरू करणे. पोटात शिसे असेल तर औषधामुळे त्याचे शोषण वाढूही शकते. आधी घर, नोकरी, कुरण, भांडे, जे काही असेल ते बंद.

मर्यादेखाली उगाच औषध देणे. मुलांत साधारणपणे ४५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरपासून कीलेशन करतात. २० ते ४४ या पट्ट्यातल्या ७८० मुलांवर सक्सिमर या कीलेशनच्या औषधाची मोठी चाचणी झाली, तिचे निकाल २००१ मध्ये आले. रक्तातले शिसे उतरले, पण बुद्धीच्या चाचण्यांत काही फरक पडला नाही. गेलेले परत आणता येत नाही, म्हणूनच आधी थांबवणे महत्त्वाचे.

उपचारानंतर २-३ आठवड्यांनी आकडा पुन्हा चढतो. हाडातले शिसे रक्तात येते म्हणून. ही उसळी अपेक्षित असते; पण मुलगा त्याच रंग उडालेल्या घरात परतला आहे का, हे आधी पाहायचे.

धातू आणि औषध यांची चुकीची जोडी. डायमर्कॅप्रॉल आर्सेनिक आणि अजैविक पाऱ्यावर वापरतात, मिथाइलपाऱ्यावर दिले तर पारा मेंदूकडे ढकलला जातो. ते शेंगदाणा तेलात असते, तेव्हा त्याची अॅलर्जी आधी विचारा. आणि ते चालू असताना लोह देऊ नका. कॅडमियमच्या जुन्या साठ्यावर उपयोगी पडेल असे सिद्ध कीलेशन नाही. तिथे उपाय एकच, नवीन कॅडमियम थांबवणे, आणि तंबाखूचा धूर त्यातला मोठा वाटेकरी.

आहाराचे स्थान मर्यादित पण खरे आहे. शरीरात लोह कमी असेल तर आतडे लोहासाठीच्या वाहकावाटे शिसे आणि कॅडमियमही जास्त उचलते. मूल रिकाम्या पोटी असेल तर आणखी. लहान मुले गिळलेल्या शिशातले ४० ते ५० टक्के शोषतात, प्रौढ १० टक्क्यांच्या आसपास.

नवखी_वाट

केसांची एक पुडी पाठवली की वीस-पंचवीस धातूंचा अहवाल मिळतो, असे बऱ्याच ठिकाणी सांगतात. सोपे आहे, सुईही नाही. मग त्यात वाईट काय?

धातुवेध

मिथाइलपाऱ्यासाठी केस खरोखर चांगले. केस वाढतात तसा पारा त्यात बांधला जातो आणि महिन्याला साधारण १ सेंटिमीटर या हिशेबाने मागचा काळ वाचता येतो. केसातले प्रमाण रक्ताच्या सुमारे २५० पट असते. १९७१-७२ मध्ये इराकमध्ये पेरणीसाठी मिथाइलपारा लावलेल्या बियाण्याची भाकर लोकांनी खाल्ली, ६,५३० लोक रुग्णालयांत दाखल झाले आणि तिथे ४५९ मृत्यू नोंदले गेले. गरोदरपणात आईने किती पारा घेतला होता हे तिथे आईच्या लांब केसांवरूनच काढता आले.

बाकी धातूंसाठी वैयक्तिक निदान केसांवर करू नये. धूळ, रंग, शाम्पू, पाणी यांतून बाहेरून चिकटलेला धातू आणि आतून आलेला धातू धुऊन वेगळे करता येत नाहीत.

त्याहून घातक प्रकार म्हणजे आधी कीलेशनचे औषध द्यायचे, मग लघवी तपासायची आणि तो आकडा औषध न घेतलेल्या लोकांच्या मर्यादेशी ताडायचा. औषधाने निरोगी माणसाचाही आकडा चढतोच, कारण औषधाचे काम तेच आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ मेडिकल टॉक्सिकॉलॉजीने या पद्धतीला शास्त्रीय आधार नसल्याचे स्पष्ट म्हटले आहे. असा अहवाल हातात आला तर तो बाजूला ठेवून औषधाविना नवी तपासणी करा.

मृदा_सामू

जमिनीबद्दल. "चुना टाका, धातू बसतो" हे अर्धे खरे आहे.

कॅडमियम आणि शिसे आम्लधर्मी मातीत सैल होतात. सामू ६.५ च्या वर नेला की पिकात कमी जातात. आर्सेनिक उलट वागते: सामू वाढला किंवा फॉस्फेट खत टाकले की मातीला चिकटलेले आर्सेनिक सुटते. भाताच्या शेतात तर दोन्ही धातू एकमेकांच्या विरुद्ध ओढतात. पाणी साचून राहिले की मातीतली लोहाची ऑक्साइडे विरघळतात आणि आर्सेनिक त्रिसंयुजी होऊन मुळांत जाते. पाणी काढले की कॅडमियम सल्फाइडचे ऑक्सिडीकरण होते आणि कॅडमियम मोकळे होते. म्हणून आलटून-पालटून भिजवण-सुकवण करण्याआधी मातीत या दोहोंपैकी काय जास्त आहे ते मोजलेले असले पाहिजे. जपानमधल्या जिन्झू नदीच्या खोऱ्यात खाणीतले कॅडमियम भाताच्या शेतात उतरले आणि इताई-इताई आजार झाला, ज्यात मूत्रपिंडाच्या नलिका निकामी होऊन हाडे ठिसूळ झाली. बळी मुख्यतः वयस्क, अनेक बाळंतपणे झालेल्या बायका होत्या. जपान सरकारने १९६८ मध्ये कारण मान्य केले.

तांदूळ ६ ते १० पट पाण्यात शिजवून पाणी काढून टाकले तर अजैविक आर्सेनिक बऱ्यापैकी उतरते, अट एवढीच की शिजवायचे पाणी स्वतः आर्सेनिकमुक्त हवे. सोबत काही जीवनसत्त्वेही जातात.

नमुना घेताना: स्टेनलेस स्टीलचे अवजार, प्लास्टिकची बादली. जस्ताचा मुलामा असलेली किंवा पितळी वस्तू नको. मुले खेळतात तिथे वरचा २-३ सेंटिमीटर थर, भाजीच्या वाफ्यात १५ ते २० सेंटिमीटर खोल. एका क्षेत्रातून १०-१५ ठिकाणची माती एकत्र करून एक नमुना करा, पण घराच्या भिंतीलगतची माती त्यात मिसळू नका. जुना रंग तिथेच गळतो, तिचा नमुना वेगळा घ्या, नाहीतर सरासरीत तो डाग हरवून जातो.

शिशाबाबत पीक कमी दोषी असते. जास्त शिसे पोटात जाते ते हाताला, पायाला, पानांना चिकटलेल्या मातीतून. फळभाज्या आणि शेंगा तुलनेने सुरक्षित, पालेभाज्या आणि कंदमुळे जास्त धोक्याची. आर्सेनिक शोषणारे टेरिस व्हिटाटा हे नेचे उपयोगी आहे, पण कापलेला पाला म्हणजे आर्सेनिकयुक्त कचरा. तो कंपोस्टात किंवा गुरांपुढे टाकला तर सगळी मेहनत उलटते.

पंखपिसे

मेंढ्या आणि पक्ष्यांचा उल्लेख वर झाला, त्यात भर.

मेंढीचे यकृत पित्तावाटे तांबे नीट बाहेर टाकत नाही. गाईसाठी बनवलेले खनिज मिश्रण मेंढीला दिले तर आठवडे-महिने काहीच दिसत नाही, आणि मग प्रवास, थंडी किंवा उपास घडला की यकृतातले तांबे एकदम रक्तात सुटते. तांबड्या पेशी फुटतात, डोळे पिवळे, लघवी काळपट लाल, एक-दोन दिवसांत मृत्यू. शवविच्छेदनात मूत्रपिंड निळसर काळे दिसते. खाद्यात तांबे आणि मॉलिब्डेनमचे प्रमाण ६:१ च्या आसपास ठीक, १०:१ च्या वर धोका. नुसता तांब्याचा आकडा पाहून फसगत होते, कारण मॉलिब्डेनम कमी असेल तर साधारण वाटणारे तांबेही साठत जाते.

पिंजऱ्यातल्या पोपटांना जस्ताचा मुलामा असलेली नवी जाळी चावायची सवय असते. जाळीवरची पांढरी पूड आणि लोंबते ओघळ ताठ ब्रशने व्हिनेगर लावून घासा, स्वच्छ धुवा. शक्यतो स्टेनलेस स्टील वापरा.

पाणपक्षी शिशाचे छर्रे खडे समजून गिळतात. पेषणीत (अन्न दळणाऱ्या स्नायूमय पोटात) ते दळले जातात, पंख ओघळतात, विष्ठा हिरवी होते, पक्षी उडू शकत नाही. गिधाडवर्गीय पक्षी गोळीने मेलेल्या प्राण्याच्या मांसातून शिशाचे सूक्ष्म तुकडे खातात. कॅलिफोर्निया कॉन्डोरची संख्या १९८२ मध्ये २२ वर आली होती. पुढे त्यांना पिंजऱ्यात वाढवून सोडले, तरी सुटलेल्या पक्ष्यांचा सर्वात मोठा वैरी शिसेच राहिले. कॅलिफोर्नियात शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी आली ती १ जुलै २०१९ पासून.

कासवगती

घरात थर्मामीटर फुटला तर नेमके काय करायचे? झाडून घेऊ नये असे ऐकले आहे.

विषोपचार

बरोबर ऐकले आहे. झाडूने थेंबाचे शंभर थेंब होतात, आणि व्हॅक्यूम क्लीनर तर पारा तापवून वाफ खोलीभर उडवतो.

१. मुले, गरोदर स्त्री आणि पाळीव प्राणी खोलीबाहेर. त्यांचे पाय आणि पंजे आधी पाहा.
२. बाहेरच्या खिडक्या उघडा, आतले दार लावा, एसी आणि हीटर बंद.
३. सोन्याचे दागिने काढा, पारा सोन्यात मिसळतो. नायट्राइलचे हातमोजे घाला.
४. ताठ पुठ्ठ्याने थेंब एकमेकांकडे ढकलून मोठा थेंब करा, ड्रॉपरने उचला, घट्ट झाकणाच्या बरणीत टाका.
५. दिवे मालवून टॉर्च जमिनीला समांतर धरा, उरलेले कण चमकतात. ते चिकटपट्टीने टिपा.
६. फटींवर गंधकाची पूड भुरभुरा. तिने उरलेल्या पाऱ्याची वाफ कमी होते. नंतर ती ओल्या कागदाने टिपून घ्या.
७. गालिच्यावर सांडला असेल तर तेवढा तुकडा कापून काढा. पारा लागलेले कपडे वॉशिंग मशीनमध्ये घालू नका.
८. सगळे दोन पिशव्यांत बांधून धोकादायक कचऱ्यात. मोरीत किंवा संडासात ओतायचे नाही. खोली किमान २४ तास उघडी ठेवा.

नवखी_वाट

शेवटचा प्रश्न. मुलाच्या बोटातून घेतलेल्या रक्तात शिसे ६ आले. अहवालात "संदर्भमूल्य ३.५" लिहिले आहे. आता लगेच औषध हवे का?

धातुवेध

औषध नको, खात्री करून घ्या. बोटाच्या टोचणीत त्वचेवरची धूळ मिसळून आकडा फुगतो. बोट साबणाने धुऊन स्वच्छ कापडाने पुसलेले हवे, नुसत्या स्पिरिटने शिसे निघत नाही. अमेरिकेच्या सीडीसीचे (रोगनियंत्रण केंद्राचे) वेळापत्रक असे, आकडे मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये: बोटातल्या रक्तात ३.५ ते ९ आले तर ३ महिन्यांच्या आत शिरेतून फेरतपासणी, १० ते १९ असेल तर १ महिन्यात, २० ते ४४ असेल तर २ आठवड्यांत, ४५ च्या वर असेल तर ४८ तासांत.

३.५ हा आकडा "इथपर्यंत सुरक्षित" असे सांगत नाही. सर्वेक्षणातल्या १ ते ५ वयाच्या मुलांपैकी सर्वात जास्त शिसे असलेली अडीच टक्के मुले कुठून सुरू होतात, त्याची ती रेघ आहे. १९९१ मध्ये पातळी १० होती, २०१२ मध्ये ५ झाली, २०२१ मध्ये ३.५. मुलांसाठी सुरक्षित अशी पातळी कुठलीच सापडलेली नाही.

फेरतपासणीची वाट न पाहता आजपासून घर शोधायला घ्या: सुटलेला रंग (कोरडा घासू नका, ओला करून काढा), खिडकीच्या चौकटीतली धूळ, नळाचे पहिले पाणी, झिलई उडालेली मातीची भांडी, बॅटरी किंवा सोल्डरचे काम करणाऱ्या माणसाचे घरी येणारे कपडे आणि चपला.

आणि अहवालातले एकक नीट पाहा. ६ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे ६० मायक्रोग्रॅम प्रति लिटर, म्हणजेच सुमारे ०.०६ पीपीएम. पशुवैद्यकीय प्रयोगशाळा पीपीएममध्ये लिहितात, माणसांच्या प्रयोगशाळा डेसिलिटरमध्ये. गोठ्यातल्या गाईचा ०.३५ आणि मुलाचा ६ असे दोन कागद शेजारी ठेवले तर गाय निर्धास्त वाटते. प्रत्यक्षात तिच्या रक्तात मुलाच्या जवळपास सहा पट शिसे आहे.